पहिला चेक वटतो तेव्हा

दामदुप्पट योजना बुडाली की पेपरात बातमी येते आणि मग चौकात, नातेवाइकांत, व्हॉट्सअॅपवर एकच वाक्य फिरतं, "लोभ नडला, दुसरं काय!" हे वाक्य मला आता ऐकवत नाही. लोभ नसतो असं माझं म्हणणं नाही. मी पोस्टाची एजंट आहे, नाशिकच्या सिडकोत घरोघर जाऊन महिलांची आरडी, म्हणजे दर महिन्याच्या बचतीचे ठरावीक हप्ते, गोळा करते. इतक्या वर्षांत लोकांचे पैसे येताना पाहिले, जातानाही पाहिले. लोभ अगदी जवळून पाहिलाय. पण तो माणसाच्या मनात आपोआप उगवत नाही. कुणीतरी खात्रीचं माणूस येऊन सांगतं, "अगं, मला मिळाले." आणि गंमत म्हणून नाही, अगदी गंभीरपणे सांगते, ते माणूस बहुतेक वेळा प्रामाणिक असतं. त्याला त्याचा पहिला चेक वेळेवर मिळालेला असतो, एवढंच.

माझी घरं पवननगर, उत्तमनगर, त्रिमूर्ती चौक आणि तिकडे पाथर्डी फाट्यापर्यंत. बहुतेक घरांतला पुरुष अंबड नाहीतर सातपूरच्या कंपनीत. बाई घरी शिवणकाम करते, डबे देते, नाहीतर पाळणाघर चालवते. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात मी हप्ते घेते, त्यांच्या कार्डावर सही करते, सगळ्यांची एकत्र यादी, म्हणजे लॉट, बनवते आणि पोस्टात भरते. हजार रुपयांची आरडी पाच वर्षं भरली, म्हणजे साठ हप्ते, साठ हजार, तर आजच्या ६.७ टक्के दराने हातात साधारण ७१,३६६ रुपये येतात. मला हजाराच्या हप्त्यामागे चाळीस रुपये कमिशन. एवढ्या मोठ्या पाच वर्षांत वर मिळणारे अकरा हजार तीनशे ऐकून बायकांचा चेहरा पडतो, आणि मी त्यांना दोष देत नाही. पाच वर्षांत मुलगा दहावीतून इंजिनिअरिंगला गेलेला असतो. त्याची फी काही फक्त अकरा हजारांनी वाढलेली नसते.

करोनानंतर आमच्या भागात एक योजना आली. नाव लिहीत नाही, तपास चालू आहे. लाखाला महिन्याला आठ हजार. वर्षभर दर महिन्याला आठ हजार आणि वर्ष संपल्यावर मुद्दल परत. सोबत शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला करार आणि पुढच्या तारखांचे बारा चेक. स्टॅम्प पेपरवर सरकारचा शिक्का दिसला की लोकांना वाटतं, सरकारला हे ठाऊक आहे, सरकारने याला मान्यता दिली आहे. तो कागद म्हणजे फक्त सरकारला मुद्रांक शुल्क भरल्याची खूण आहे. त्यावर काय लिहिलंय ते कुणीही तपासलेलं नसतं. नोटरीनेसुद्धा सह्या कुणाच्या एवढंच पाहिलेलं असतं.

मला त्यांच्या सेमिनारचं आमंत्रण आलं, एजंट म्हणून. मुंबई नाक्याजवळच्या एका हॉटेलात वरच्या मजल्यावर हॉल होता. दारात रजिस्टर, त्यात नाव आणि मोबाइल नंबर लिहायचा, मग हातात गुलाबाचं फूल. व्यासपीठावर कोट घातलेला एक मुलगा बोलत होता. "नोटा छापतात आपल्या नाशिकरोडला, मग नाशिककराच्या खिशात का नाहीत?" टाळ्या पडल्या. पण त्या भाषणाने कुणी पैसे काढून दिले नसते. नंतर त्याने एकेकाला वर बोलावलं. पाळणाघरवाल्या मावशी, एक रिक्षावाले दादा आणि शेवटी आमच्या भागातले एक निवृत्त मास्तर. हॉलमधल्या निम्म्या लोकांची मुलं त्यांच्या हाताखालून गेलेली. मास्तर म्हणाले, "मीसुद्धा आधी विश्वास ठेवला नव्हता. पण हा चौथा महिना, एक दिवस उशीर नाही." ते शब्दन् शब्द खरं बोलत होते. त्यांच्या पासबुकात चार एन्ट्र्या होत्या. त्यांना व्यासपीठावर उभं करायला त्या कंपनीला एकही खोटं बोलावं लागलं नाही.

चहाच्या वेळी तो मुलगा माझ्याजवळ आला. "ताई, तुमच्या ओळखी किती! तुम्ही एका लाखामागे दहा हजार घ्या. रोख." मी मनात हिशेब केला. दहा हजार कमिशन मिळवायला मला पोस्टात अडीच लाखांचे हप्ते गोळा करावे लागतात, किती जिने चढावे लागतात ते माझ्या गुडघ्यांना माहीत. मोह पडला, खरंच पडला. मुलीच्या हॉस्टेलचे पैसे भरायचे होते. मी त्याला विचारलं, "धंदा काय करता?" तो म्हणाला, शेअर बाजारात अल्गो ट्रेडिंग, म्हणजे कॉम्प्युटरनेच खरेदी-विक्री, थोडं सोनं, थोड्या जमिनी, कुंभमेळा येतोय ना. मी म्हटलं, "बँक धंद्याला वर्षाला बारा-चौदा टक्क्यांनी कर्ज देते. तुम्ही आम्हाला वर्षाला शहाण्णव टक्के देणार. मग बँकेतूनच का नाही उचलत?" तो हसला आणि म्हणाला, "ताई, आम्हाला सामान्य माणसाला मोठं करायचंय." तिथे माझा मोह संपला. माझ्या बायकांना नवऱ्याशिवाय कुणी आजवर मोठं करायला निघालं नव्हतं, आणि नवऱ्यांचंही सगळं आपल्याला ठाऊकच आहे.

आता त्या वहिनींबद्दल. उत्तमनगरच्या, माझ्या जुन्या खातेदार. यजमानांनी अंबडच्या कंपनीतून व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेतली, त्यातले तीन लाख यांनी तिथे ठेवले. मला कळलं ते त्यांनी आरडी बंद करायची म्हणून बोलावलं तेव्हा. मी म्हटलं, "वहिनी, थोडं थांबा, आपण कागदावर मांडू." त्या म्हणाल्या, "अहो ताई, मांडायचं काय त्यात? चेक वटला ना! चोवीस हजार खात्यात जमा. हा बघा मेसेज." मोबाइल माझ्यापुढे धरला. बँकेचा मेसेज, खराखुरा.

मी डायरीच्या मागच्या पानावर लिहिलं. तुम्ही एक लाख दिला. दहा हजार तुम्हाला आणणाऱ्याला गेले. उरले नव्वद हजार. त्यातून तुम्हाला महिन्याला आठ हजार. आठ गुणिले अकरा, अठ्ठ्याऐंशी. म्हणजे त्या माणसाने तुमच्या पैशांचं काहीही केलं नाही, नुसते कपाटात ठेवले, तरी तो अकरा महिने तुमचा प्रत्येक चेक वटवू शकतो. तुमचेच पैसे तुम्हालाच. अकरा महिन्यांत तुम्ही दहा जणांना सांगितलेलं असतं की चेक वटतो. वहिनी पानाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पण ते तर कमावतात ना शेअरमध्ये?" मी दुसरा हिशेब मांडला. महिन्याला आठ टक्के, आणि व्याज काढलं नाही, तसंच वाढू दिलं, तर वर्षात लाखाचे अडीच लाख होतात. आणि पाच वर्षांत? मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर १.०८ ला साठ वेळा गुणलं. एक लाखाचे एक कोटी एक लाख. हे ज्याला खरोखर जमतं तो स्वतःचा एकच लाख घेऊन घरी बसेल. त्याला सिडकोतल्या बाईचे मंगळसूत्र गहाण टाकून आणलेले पैसे कशाला लागतील?

वहिनींना हिशेब कळला. मी पाहिलं, कळला. तरी त्या शेवटी म्हणाल्या, "मास्तर कशाला खोटं बोलतील?" याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मास्तर खोटं बोलत नव्हते. आरडी बंद झाली, ते पैसेही तिकडे गेले.

शेकडा आठ हा आकडा या लोकांना फार आवडतो की काय कोण जाणे. १८८० च्या सुमारास अमेरिकेत बॉस्टन शहरात सारा हाऊ नावाच्या बाईने 'लेडीज डिपॉझिट' चालवली होती. फक्त एकट्या, अविवाहित स्त्रियांसाठी. शिक्षिका, शिवणकाम करणाऱ्या, घरकाम करणाऱ्या. व्याज महिन्याला शेकडा आठ, आणि तीन महिन्यांचं आगाऊ. वर्तमानपत्रात जाहिरात नाही, बाईने बाईला सांगायचं. तिथल्या एका वर्तमानपत्राने प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि ती पेढी बुडाली. त्यानंतर चाळीस वर्षांनी, १९२० मध्ये, त्याच शहरात चार्ल्स पॉन्झीने पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के द्यायला सुरुवात केली. त्याने टपालाच्या कूपनांचा धंदा सांगितला होता, इथे अल्गो ट्रेडिंग सांगतात. अशा योजनांना आजही त्याचं नाव आहे, पण माझ्या मते सारा हाऊची गोष्ट आपल्या जास्त जवळची आहे. जिला बँकेत कुणी खुर्ची देत नाही तिला खुर्ची द्यायची, आणि मैत्रिणीकरवी बोलवायचं, हे त्या बाईने तेव्हाच ओळखलं होतं.

आमच्याकडे आणखी एक गोष्ट आहे, ती बाहेरच्यांना कळत नाही. साठीच्या पुढच्या लोकांना दुप्पट हा शब्द फसवा वाटत नाही, कारण दुप्पट त्यांना सरकारनेच दिलेलं आहे. १९८८ साली किसान विकास पत्र निघालं तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट होत. साडेतेरा टक्क्यांच्या आसपास पडायचं. आता त्याच किसान विकास पत्राला ११५ महिने लागतात, नऊ वर्षं सात महिने. म्हातारी माणसं मला विचारतात, "पूर्वी तुमच्याच पोस्टात व्हायचे ना गं?" हो, व्हायचे. ज्याने आयुष्यभर सरकारवर विसंबून पैसे दुप्पट होताना पाहिले, त्याला निवृत्तीच्या वेळी हातात सात टक्के मिळतात आणि औषधांचं बिल दरवर्षी वाढतं. त्याला जे वाटतं ते सगळं लोभाच्या खात्यात टाकू नका. त्यात भीतीही असते.

आणि घरात एकदम आलेला पैसा. व्हीआरएसचा, प्रॉव्हिडंट फंडाचा, जमिनीचा. समृद्धी महामार्गात सिन्नर, इगतपुरी तालुक्यांतल्या जमिनी गेल्या तेव्हा ज्या घरांत आयुष्यात लाख एकत्र पाहिले नव्हते तिथे मोठ्या रकमा आल्या. महिन्याच्या पगाराचं काय करायचं हे प्रत्येक बाईला येतं. ठोक रकमेचं काय करायचं हे कुणी शिकवलेलं नसतं. अशा घरी पहिला पाहुणा येतो तो गाडी दाखवायला, दुसरा प्लॉट दाखवायला आणि तिसरा योजना घेऊन. तिन्ही वेळा सोबत एखादा भाऊबंद असतो.

लोभाबद्दल बोलायचंच तर तोही सांगते. मी तो पाहिला दुसऱ्या-तिसऱ्या चेकनंतर. पहिल्यांदा माणूस भीतभीत पन्नास हजार ठेवतो. दोन चेक वटले की तो स्वतःवर चिडतो, की जास्त का नाही ठेवले. मग सोनं गहाण, मग पतसंस्थेचं कर्ज, मग बहिणीचे पैसे. ज्याने पैसे आणले त्याला वाटतं आपण बहिणीवर उपकार करतोय. हा जो दुसरा टप्पा आहे, तिथे बुडणारी रक्कम दहापट होते. आणि तिथे डोकं ठिकाणावर ठेवणं फार अवघड, कारण पुरावा खात्यात जमा झालेला असतो. म्हणून मी आता पहिल्याच दिवशी नाही म्हणायला सांगते, दुसऱ्या टप्प्यावर माझं कुणी ऐकत नाही हे मला अनुभवाने कळलंय.

वहिनींचा सहावा चेक परत आला. ऑफिसमधून सांगितलं, सिस्टीम अपडेट चालू आहे, पंधरा दिवस थांबा, चेक भरू नका, भरलात तर तुमचा नंबर मागे जाईल. दोनच दिवसांत योजनेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलं, 'फक्त अॅडमिन मेसेज पाठवू शकतात.' शेकडो माणसं त्या ग्रुपमध्ये होती, आणि एकालाही दुसऱ्याशी बोलता येईना. मग अॅडमिन निघून गेले. ऑफिसचं शटर बंद, बाहेर भाड्याच्या थकबाकीची नोटीस.

वहिनींनी जाऊबाईंना सांगितलं होतं. जाऊबाईंचे दोन लाख. गेली कित्येक वर्षं या दोन घरांच्या गौरी एकत्र बसायच्या, थोरल्या घरी. यंदा दोन घरी वेगवेगळ्या बसल्या. वहिनींनी पुरणपोळीचा डबा पाठवला तो तसाच परत आला. तीन लाखांपेक्षा त्या डब्याचं त्या जास्त वेळ बोलत होत्या.

मी म्हटलं, तक्रार करा. म्हणाल्या, "नको ताई. पोलीस विचारतील, एवढं व्याज कुठे मिळतं का? लोक म्हणतील लोभी बाई." माझा राग इथे आहे. आपण 'लोभ नडला' म्हणतो आणि आपल्याला वाटतं आपण शहाणपणाचं बोललो. पण त्या वाक्याने फसलेला माणूस घरात तोंड लपवून बसतो, आणि पैसे घेऊन गेलेल्याला पुरेसा वेळ मिळतो, पुढच्या जिल्ह्यात नवीन नावाने हॉल भाड्याने घ्यायला.

नाशिकला हे नवीन नाही. २०१४ मध्ये केबीसी मल्टीट्रेड या गुंतवणूक कंपनीचं प्रकरण आपल्याच शहरातून उघड झालं, मराठवाड्यापर्यंतचे शेतकरी, शिक्षक त्यात अडकले होते. मुख्य आरोपी परदेशात निघून गेले, ते २०१६ मध्ये मुंबई विमानतळावर पकडले गेले. पण त्याच २०१६ मध्ये मैत्रेय या दुसऱ्या गुंतवणूक कंपनीच्या प्रकरणात नाशिक पोलिसांनी न्यायालयाच्या परवानगीने एस्क्रो खातं, म्हणजे कंपनीला परस्पर हात लावता न येणारं खातं, उघडून घेतलं, कंपनीचे पैसे त्यात जमा करून घेतले आणि तक्रारदारांना त्यातून रकमा परत मिळू लागल्या. सगळ्यांना सगळे मिळाले नाहीत. पण ज्यांनी तक्रार दिली त्यांची नावं यादीत होती, जे लाजेने घरी बसले त्यांची नव्हती.

महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, पोलीस आणि वकील त्याला एमपीआयडी म्हणतात. त्यात संचालकांची मालमत्ता जप्त करून विकता येते, विशेष न्यायालय असतं. २०१९ च्या केंद्राच्या कायद्याने तर परवानगीशिवाय ठेवी नुसत्या मागणं हाच गुन्हा केला आहे, बुडेपर्यंत थांबायची गरज नाही. रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर योजना चालू असतानाही तक्रार टाकता येते. आणि चेकचं लक्षात ठेवा. तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत भरावा लागतो. परत आला की बँकेचा मेमो, म्हणजे चेक परत आल्याची चिठ्ठी, मिळाल्यापासून तीस दिवसांत वकिलाची नोटीस गेली पाहिजे. 'चेक भरू नका, थांबा' असं ते सांगतात ते याचसाठी. थांबलात की ही मुदत निघून जाते.

मास्तर गेल्या आठवड्यात माझ्या घरी आले होते. गल्लीत लोक त्यांच्याशी बोलत नाहीत. त्यांनी ठेवलेल्या पैशांपैकी बरेचसे त्यांना हप्त्यांतून परत मिळाले, आणि त्यांच्या शब्दावर ठेवणाऱ्यांचे गेले, हे त्यांना झोपू देत नाही. मी त्यांना म्हटलं, सर, तुमचं पासबुक सगळ्यात महत्त्वाचं आहे. तुमचे हप्ते कोणत्या खात्यातून आले, त्या खात्यात कुणाकुणाचे पैसे भरले गेले, पैशांचा माग तिथूनच लागतो. ज्याचे एका महिन्यात बुडाले त्याच्याकडे एकच एन्ट्री आहे, तुमच्याकडे बऱ्याच महिन्यांच्या आहेत. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "झेरॉक्स किती काढू?"

सोमवारी सकाळी अकरा वाजता ते, वहिनी आणि मी आर्थिक गुन्हे शाखेत जाणार आहोत. जाऊबाईंनाही निरोप दिलाय. त्याच योजनेत तुमचे किंवा घरातल्या कुणाचे पैसे असतील तर करार, चेक, चेक परत आल्याचे मेमो, बँक स्टेटमेंट आणि त्या ग्रुपमधल्या मेसेजचे स्क्रीनशॉट, सगळ्याच्या दोन दोन प्रती घेऊन या. ज्यांचे पैसे पूर्ण सुटले त्यांनीही या, त्यांनी तर आवर्जून या. मी साडेदहापासून त्रिमूर्ती चौकात थांबते, रिक्षाने एकत्र जाऊ.